एल्फ-शॉट पेंडंट: दगड हलू नये आणि तार तुटू नये म्हणून नेमकं काय करायचं

ओळखीतल्या चार जणींनी व्हिडिओ बघून बनवलेली वायर-रॅप (दगड तारेत गुंडाळून बसवलेली) पेंडंट मला आणून दाखवली आणि चारही पेंडंटमधे दगड खुळखुळत होता. हात वाईट नव्हता कुणाचाच, एकीची वीण तर माझ्यापेक्षा सुबक होती. पण क्रम चुकलेला. आधी वळवलं मग विणलं, आधी कापलं मग मोजलं, आणि तारेची शेपटं सगळ्यात आधी छाटून टाकली. म्हणून हे सगळं एकदाच नीट लिहून काढतेय.

आपण करणार आहोत ते एल्फ-शॉट पेंडंट. स्कॉटलंडमधे शेतात सापडणारी गारगोटीची जुनी बाणटोकं ही परीलोकांनी मारलेले बाण आहेत असं लोक मानायचे, अचानक गुरं आजारी पडली की त्यांना 'एल्फ-शॉट' (एल्फ म्हणजे याच परीलोकांपैकी) झालाय म्हणायचे, आणि तीच बाणटोकं पुढे चांदीत बसवून ताईत म्हणून गळ्यात घालायचे. आपल्याला यातून कामाच्या गोष्टी तीनच. दगड बाणाच्या आकाराचा हवा, त्याचे छिलके उडालेले दोन्ही पृष्ठभाग उघडे दिसायला हवेत, आणि लोखंडाची तार वापरायची नाही, कारण तिकडच्या गोष्टींत या मंडळींना लोखंडाचं वावडं असतं. चांदी परवडत असेल तर उत्तम, नाहीतर तांबं.

आणि कृपा करून पंखवाली छोटी परी लटकवू नका त्याला. आयरिश गोष्टींतले 'शी' (हसू नका, उच्चार असाच आहे) हे टेकाडांच्या आत राहणारे, बहुतेक वेळा माणसाएवढे उंच आणि रागीट लोक आहेत, पंखबिंख नंतरच्या नाटकांतून आणि चित्रांतून आले.

## टप्पा १: दगड निवडणं

बाजारात मिळणारी अकीकाची (इंग्रजीत अॅगेट) बाणटोकं बहुतेक गुजरातेतल्या खंभातच्या बाजूची असतात, ठोकून घडवलेली. लांबी साधारण ४० मिमी आणि रुंदी २५ मिमी असलेलं, पानाच्या आकाराचं निवडा. दोन बाजूंना खाचा असलेलं टोक फोटोत भारी दिसतं पण पहिल्या वेळी घेऊ नका, तार खाचेत बसते आणि खांद्यावरून (दगडाच्या वरच्या रुंद कोपऱ्यावरून) सुटते.

आता कडेची जाडी बघा. मधे ६-७ मिमी असेल तरी चालतं, पण कड २ मिमीच्या आसपास हवी. तीन जाड तारा बारीक तारेने विणून आपण एक पट्टी करणार आणि ती दगडाच्या कडेभोवती फिरवणार; ती होणार साडेतीन मिमी रुंद, म्हणजे कडेच्या पुढे आणि मागे जेमतेम पाऊण-पाऊण मिमी उरतं आणि तेवढ्यावरच दगड धरला जातो. कड ४ मिमी असेल तर पकडायला काहीच उरत नाही, मग तीनऐवजी चार तारांची पट्टी विणा किंवा दगड बदला. मी एकदा "होईल अॅडजस्ट" म्हणून जाड दगड घेतला आणि तो मावसबहिणीच्या लग्नात पंगतीत वाढताना वरणाच्या भांड्यात पडला. असो.

कड बोट कापेल इतकी धारदार असेल तर वॉटर पेपरने (४०० नंबर) हलकी मारून घ्या, पण पाण्याखाली धरून. कोरडं घासू नका. अकीकाची धूळ म्हणजे सिलिका, खंभातच्या कारागिरांमधे सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो तो याच धुळीने.

सावध: 'अस्सल प्राचीन' म्हणून विकली जाणारी बाणटोकं घेऊ नका. खोटी असली तर पैसे गेले, आणि खरी असली तर स्कॉटलंडमधे जमिनीतून निघालेली जुनी वस्तू कायद्याने सरकारला कळवावी लागते, तिला तारेत गुंडाळायचं नसतं.

## टप्पा २: तार, आणि गेजचा घोळ

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर. व्हिडिओत बाई म्हणते २० गेज आणि २८ गेज, आपण दुकानात जाऊन तेच मागतो, आणि दुकानदार देतो ती तार जाड निघते. कारण ती अमेरिकन गेज सांगतेय आणि आपल्याकडे मोटर वाइंडिंगवाल्याकडे ब्रिटिश गेज चालतो. अमेरिकन २० म्हणजे ०.८१ मिमी, ब्रिटिश २० म्हणजे ०.९१. अमेरिकन २८ म्हणजे ०.३२, ब्रिटिश २८ म्हणजे ०.३८. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ०.३८ च्या तारेने वीण इतकी कडक होते की टोकापाशी वळतच नाही. तर गेज विसरा, मिलिमीटरमधे मागा: सांगाड्याच्या जाड तारा ०.८, विणायची बारीक तार ०.३.

दुसरी भानगड म्हणजे वाइंडिंगच्या तारेवर इनॅमलचा (वीजरोधक वार्निशचा) थर असतो. दिसायला छान लालसर-तपकिरी, पण शेवटी काळपट रंग द्यायचा तर तो चढत नाही, आणि थर जाळून काढायला गेलात तर धूर वाईट असतो, घरात अजिबात करू नका. ब्लेडने हलकं खरवडून बघा, आतला रंग वेगळा दिसला तर इनॅमल आहे. खरवडल्यावर आत पांढरं निघालं तर तांबं नुसतं वरून आहे, आत अॅल्युमिनियम, ती तर नकोच.

विणायच्या तारेसाठी मात्र एक फुकटातला उपाय आहे. घराच्या वायरिंगमधली उरलेली दीड स्क्वेअर एमएमची वायर शोधा. पाकिटावर २२/०.३ लिहिलेलं असतं, म्हणजे आत २२ तारा, प्रत्येक ०.३ मिमीची, उघडी आणि मऊ. आपल्याला हवी तीच! ३ मीटर वायर सोलली की ३ मीटरच्या २२ तारा हातात. सोलताना उभी लांब चीर देऊ नका, आतल्या दोन-तीन तारांवर ब्लेड फिरतंच आणि तिथेच ती विणताना तुटते. वीत-वीत अंतरावर गोल चीर देऊन प्लॅस्टिकचे तुकडे ओढून काढा.

०.८ ची उघडी तार दागिन्यांचं सामान विकणाऱ्यांकडे किंवा ऑनलाइन मिळते, 'डेड सॉफ्ट' (म्हणजे पूर्ण मऊ) लिहिलेली घ्या. लागते सव्वा मीटर, तिचं वजन ६ ग्रॅमसुद्धा नाही, त्यामुळे किलोभराचं रीळ गळ्यात मारून घेऊ नका.

हत्यारं: गोल नाकाची पक्कड, चपटी पक्कड (आतून दाते नसलेली! दाते असतील तर त्यावर कापडी पट्टी चिकटवा), छोटा कटर, पट्टी, मार्कर, मास्किंग टेप, आणि आइस्क्रीमची लाकडी काडी. ही काडी सगळ्यात महत्त्वाची, का ते पुढे कळेल.

## टप्पा ३: मापं आणि तारेची तयारी

१. कागदाची ३ मिमी रुंद पट्टी कापा आणि दगडाच्या कडेने एका खांद्यापासून खाली टोकापर्यंत आणि परत दुसऱ्या खांद्यावरून वर अशी पूर्ण फिरवा, दोन्ही शेवट वर मधोमध भेटले पाहिजेत. ४० बाय २५ च्या दगडाला हे माप साधारण १०५ मिमी येतं. तुमचं तुम्ही मोजा, माझा आकडा वापरू नका.

२. सांगाड्याच्या तीन तारा कापा, प्रत्येकी ३५ सेमी. मध्यभागी मार्करने खूण करा. ही खूण म्हणजे बाणाचं टोक. १०५ मिमीसाठी ३५ सेमी उधळपट्टी वाटते ना? पण दोन्ही बाजूंना उरलेल्या १२-१२ सेमीमधूनच वरची कडी आणि नक्षी होणार आहे, कमी कापलं तर शेवटी रडायची वेळ येते.

३. तार कापडात धरून दोन-तीनदा ओढा म्हणजे सरळ होते. दहादा नको. तांबं जितकं ओढाल-वाकवाल तितकं कडक होत जातं आणि मग मोडतं.

तार आधीच कडक असेल तर तापवून मऊ करता येते. सैल वेटोळं करून गॅसवर चिमट्यात धरा, खोलीत अंधार केला तर मंद लाल झालेली दिसते, की लगेच पाण्यात. काळी होईल, मग चिंचेच्या कोळात मीठ घालून दहा मिनिटं ठेवा, देवाची भांडी घासतो तसंच. हे फक्त ०.८ च्या उघड्या तारेला करा. ०.३ ची तार ज्योतीत वितळून जाते, आणि दगड आत असताना तर कधीच नाही, अकीक तडकतो.

## टप्पा ४: वीण

तीन तारा शेजारी-शेजारी ठेवून एका बाजूला टेपने बांधा. त्यांना क, ख, ग म्हणू. क पुढे येणार, ख मधे, ग मागे.

विणायची ३ मीटरची तार दुमडून तिचा मध्य काढा आणि सांगाड्याच्या मधल्या खुणेपासून सुरुवात करा. एका टोकापासून सुरू केलं तर ३ मीटर तार प्रत्येक वेढ्याला ओढून घ्यावी लागते, तिला गाठी-पीळ पडतात आणि तुटते. मध्यापासून केलं तर एका वेळी दीडच मीटर हाताळायची, आणि टोक आपोआप बरोब्बर मधे येतं.

वीण सोपी आहे: क आणि ख भोवती दोन वेढे, मग ख आणि ग भोवती दोन वेढे, परत क-ख, परत ख-ग. बस. दर पाच-सहा वेढ्यांनी नखाने वेढे मागे सरकवून घट्ट करा. पक्कडीने दाबू नका, चपटे होतात.

अर्धी बाजू झाली की पालटून दुसरी. सगळी मिळून दोन-अडीच तास जातात, मी तरी एका बैठकीत करत नाही, मान धरते.

तपासा: एका सेंटिमीटरमधे ३० च्या आसपास वेढे बसले पाहिजेत. वीसच असतील तर वीण सैल आहे, वळवताना फटी पडतील. तीनही तारा समांतर आहेत ना, की पट्टी जिन्यासारखी पिळत चाललीय? पिळत असेल तर दोन्ही टोकं चपट्या पक्कडीत धरून आत्ताच सरळ करा, नंतर होत नाही.

कागदी मापापेक्षा ५ मिमी कमी विणून थांबा. कमी पडलं तर दोन वेढे वाढवता येतात, जास्त झालं तर उलगडलेली तार वेडीवाकडी होऊन बसते. आणि विणायच्या तारेची उरलेली शेपटं कापू नका. हे मी तीनदा लिहिणार होते, एकदाच लिहिते, पण लक्षात ठेवा. पुढे मान बांधायला तीच लागतात.

## टप्पा ५: दगडाभोवती वळवणं

बहुतेक जण पट्टी दगडावर ठेवून हाताने दाबत जातात. त्यामुळे दोन गोष्टी होतात, दगडाच्या टोकाचा टवका उडतो आणि टोकापाशी पट्टी गोल राहते, टोकदार होत नाही.

१. दगड बाजूला ठेवा. मधली खूण चपट्या पक्कडीच्या कडेवर धरून पट्टी V सारखी वाकवा. दगडाचं टोक कागदावर रेखून घ्या आणि कोन त्या रेषेवर ठेवून जुळवा.

२. आता दगड V मधे बसवा आणि दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी खालून वर, एकाच वेळी दोन्ही बाजू चिकटवत न्या. एक बाजू पूर्ण आणि मग दुसरी असं केलं की दगड तिरका बसतो.

३. खांद्यावर पट्टी आत वळवा आणि वर मधोमध दोन्ही शेवट एकत्र आणा. तिथे आता सहा तारा उभ्या दिसतील: दोन क, दोन ख, दोन ग.

४. विणकामाच्या एका शेपटाने या सहाही तारांभोवती चार-पाच घट्ट वेढे द्या. ही मान. दुसरं शेपूट तसंच ठेवा.

तपासा: पेंडंट कानाशी नेऊन हलवा. या क्षणी दगड पुढे-मागे निसटू शकतो, ते ठीक आहे. पण वर-खाली सरकत असेल तर मान उघडा आणि पट्टी पुन्हा ओढून बांधा. पुढच्या टप्प्यात वर-खालीचा ढिलेपणा दुरुस्त होत नाही, आणि सगळ्यांची इथेच घाई होते.

## टप्पा ६: ओठ वळवणं

आता आइस्क्रीमची काडी. पट्टी दगडाच्या कडेपेक्षा रुंद आहे, म्हणजे क तार पुढच्या बाजूला आणि ग तार मागच्या बाजूला कडेच्या बाहेर उभी आहे. काडीने क ला दगडावर आत ढकला, सगळीकडे नाही, फक्त पाच ठिकाणी: टोकावर, टोकाच्या वर १ सेमीवर दोन्हीकडे, आणि दोन्ही खांद्यांवर. मग उलटं करून ग चं तेच.

पक्कडीने करू नका. पक्कड घसरली की दगडावर ओरखडा उठतो किंवा वेढा तुटतो, आणि मधला वेढा तुटला की दुरुस्ती नाही, पट्टी नव्याने. लाकूड घसरलं तरी काही बिघडत नाही.

आणि जास्त ढकलू नका. अर्धा मिमी पुरतो. चेटकाचा आरोप झालेल्या, स्कॉटलंडमधल्या ऑल्डर्नच्या इझोबेल गाउडीने १६६२ मधल्या जबानीत ही बाणटोकं एल्फची पोरं घडवतात असं वर्णन केलंय, तर त्या पोरांनी उडवलेले छिलके लोकांना दिसू देत की! तारेनेच सगळा दगड झाकायचा असेल तर खडा कुठलाही चालला असता.

तपासा: परत कानाशी नेऊन हलवा. आवाज शून्य हवा. मग उशीवर धरून पालथं करून जोरात झटका द्या. पडला तर उशीवर पडेल.

## टप्पा ७: कडी

मानेवर सहा तारा आहेत. दोन ग आणि एक ख मागे घ्या, ही कडी. दोन क आणि उरलेली ख पुढे वाकवून ठेवा, ती नक्षी.

मागच्या तीन तारा शेजारी-शेजारी ठेवून ५ मिमी जाडीच्या काडीवरून (जुन्या स्केचपेनचं टोपण, विणायची सुई, काहीही) पुढून मागे वळवा, खाली आणा आणि मानेभोवती प्रत्येकी दीड-दोन वेढे द्या. तिन्ही एकदम फिरवू नका, एकेक करा. टोकं मागच्या बाजूला, पण पट्टीवर दाबलेली, दगडावर नाही.

चुकूनही एकाच तारेची कडी करू नका. ०.८ ची एक तार वजनाने नाही तुटत, पण साखळीने घासून हळूहळू उघडते.

## टप्पा ८: तीन वेटोळी

उरलेल्या तीन तारांची तीन चक्राकार वेटोळी, एकमेकांना टेकलेली. हे डिझाइन आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजच्या दगडावरचं. लोक त्याला 'केल्टिक' म्हणतात, पण न्यूग्रेंज इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराचं, केल्टिक भाषा तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीचं. तरी आपल्या विषयात ते बसतं, कारण आयरिश कथांमधे ते टेकाड म्हणजे एंगसचं घर, शी मंडळींपैकीच तो.

प्रत्येक तारेचं अगदी टोक गोल पक्कडीच्या निमुळत्या भागात धरून छोटं कडं करा, मग ते कडं चपट्या पक्कडीत आडवं धरून थोडं-थोडं फिरवत मानेकडे गुंडाळत या. तीन फेरे, ८ मिमीपर्यंत. यासाठी ४-५ सेमी तार पुरते, त्यामुळे आधी उरलेली लांबी तिन्ही तारांची सारखी कापून घ्या, नाहीतर एक वेटोळं मोठं आणि दोन बारकी. कापताना तुकड्यावर बोट ठेवा, डोळ्यात उडतो.

तिन्हींची दिशा एकच ठेवा. दोन उजवीकडे आणि एक डावीकडे झालं की नजरेला काहीतरी खटकत राहतं पण काय ते कळत नाही.

वेटोळी जिथे एकमेकांना टेकतात तिथे राखून ठेवलेल्या दुसऱ्या शेपटाने दोन-दोन वेढे देऊन बांधा. हे टाळलं तर केस अडकतात. माझ्या भाचीचे अडकले होते, कात्री लागली.

तपासा: जुनी सुती ओढणी पेंडंटवरून सगळ्या बाजूंनी फिरवा. जिथे धागा ओढला जाईल तिथे तारेचं टोक वर आलंय, ते दाबा किंवा घासा.

## टप्पा ९: रंग

नवं तांबं गुलाबी-चकचकीत दिसतं आणि वीण उठून दिसत नाही. काळं करायला केमिकल नको, अंडं पुरतं. कडक उकडलेलं अंडं गरम असतानाच झिपच्या पिशवीत घालून बाहेरूनच चुरडा, पेंडंट कागदाच्या तुकड्यावर ठेवून त्याच पिशवीत घाला म्हणजे अंडं लागणार नाही, आणि झिप बंद. अंड्यातला गंधक तांब्याला काळं करतो. दोन तासांनी बघा, हवं असेल तर रात्रभर. घाण वास येतो, खिडकीत ठेवा, आणि ते अंडं खायचं नाही हे सांगायची गरज नसावी पण आमच्याकडे सांगावं लागलं.

अकीकाला याने काही होत नाही. पण हीच पद्धत मोती किंवा फिरोज्याच्या दागिन्याला वापरू नका.

बाहेर काढून धुऊन वाळवा, आणि सगळ्यात बारीक स्टील वूलने (०००० नंबर) वरवर घासा. उंचवटे उजळतात, खोलगट भाग काळे राहतात. हो, स्टील वूल म्हणजे लोखंडच, आणि पक्कडीही पोलादाच्याच होत्या, तर एवढं त्यांनी चालवून घ्यावं. फक्त वूलचे बारीक कण वेढ्यांमधे अडकतात आणि पावसाळ्यात गंजून तांबूस डाग पडतात, म्हणून जुन्या टूथब्रशने साबणपाण्यात नीट धुवा आणि हेअर ड्रायरने कोरडं करा.

वरून मेणाचा पातळ हात द्या, मधमाशीचं मेण बोटाने चोळून सुती कापडाने पुसून टाका. नेलपॉलिश किंवा लॅकर नको, महिन्याभरात पापुद्रे निघतात. घामाने गळ्यावर हिरवट डाग पडला तर तो तांब्याचा आहे, साबणाने जातो, मेणाचा हात परत द्यायची वेळ झाली असं समजा.